किती मिलीलीटरला

हिरानूर, वय वर्षं सहा, रिझेच्या वरच्या चहामळ्यांतून
पहाटेच्या मिनीबसनं त्राब्झोनला आलेली.
टेबल गार. मी टॉवेल रेडिएटरवर तापवून ठेवतो,
तरी गार लागतंच.
बावीस वर्षं या खोलीत माझं काम एवढंच:
कॅथेटरमधून द्रव सोडायचा, पडद्यावर बघायचं,
आणि जन्मभर ‘इथे नाही हं’ ऐकत आलेल्या पोराला सांगायचं,
कर आता. इथेच. आडवं पडून. सगळ्यांदेखत.

कुणी रडतं. कुणी छताकडे बघत राहतं.
हिरानूरनं विचारलं, ‘दाराला कडी आहे?’
होती. मी उठून लावली.
‘पुन्हा बघा.’
पुन्हा बघितली.

खाली जायचं पाणी आल्या पावली वर फिरतं,
आजार म्हणाल तर एवढाच.
पडद्यावर आधी काळा फुगा,
मग त्याच्या कडेनं एक रेघ, चढणीला लागलेली,
डाव्या किडनीत पोचते आणि उमलते.
आई, हाजेर, शिशाचा एप्रन घालून उभी,
तळव्यांना चहा छाटायच्या कात्रीचे घट्टे.
म्हणाली, ‘हे फूल चांगलं की वाईट?’

सांगायचा अधिकार मला नाही.
मी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं: ११०.
एकशे दहा मिलीलीटरला दार सुटलं,
अजून पिशवी निम्मीही भरली नव्हती.
ही सवय मला कुणी लावली नाही.
आधीचे डॉक्टर हसायचे, सबाहत्तिन, किराणा मोजतोस काय?
मेलाहतबाई हसल्या नाहीत.
लवकर सुटतं ते उशिरा बरं होतं, म्हणाल्या.
मला ते ठाऊक होतं. वाक्य तेवढं नव्हतं.

हाजेरसमोर त्या बोटांवर मोजत बसल्या.
एकच बाजू, हे बरं. श्रेणी तिसरी, म्हणजे मधली.
व्रण एक, वरच्या टोकाला, जुना.
नळीच्या तोंडाखाली जेलचा उंचवटा करू,
हेझलनटच्या दाण्यापेक्षाही लहान,
अशा दहांतल्या सातेक मुलांना तेवढा पुरतो.
हाजेर म्हणाली, ‘आणि ते तीन कुणाचे?’

बाईंनी पेन खाली ठेवलं.
मग पोरीला विचारलं, शाळेत किती वेळा जातेस?
‘जात नाही.’
का गं?
‘कडी तुटलीय. मुलं दार ढकलतात.’
सकाळी सातपासून चारपर्यंत
टाचेवर बसून, दात आवळून, रोज.
पोटही चार-चार दिवस साफ नाही.
फॉर्मवर यासाठी एक चौकोन असतो, पुढे लांबलचक नाव.
बाईंनी खूण केली. मी खांद्यावरून वाचलं.
तुटलेल्या कडीला इतकं मोठं नाव
मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढचं मला हाजेरकडून कळलं.
बाप इद्रिस, बोलायला महाग माणूस,
रविवारी शाळेच्या कुंपणावरून आत गेला,
खिशात एक कडी, चार स्क्रू.
सोमवारी मुख्याध्यापकांनी विचारलं, कुणी बसवली?
कुणी बोललं नाही. कडी तशीच राहिली.
सुई सहा महिन्यांनी.
तोवर दर तीन तासांनी घंटा,
सुकी अंजिरं, पायाखाली लाकडी पाट,
आणि रात्री चमचाभर अँटिबायोटिक, तोंड वाकडं करून.

आज पुन्हा तेच टेबल, तोच टॉवेल.
एकशे दहा गेले. दीडशे. दोनशे.
मी श्वास कधी धरला, आठवत नाही.
दोनशे साठला ती म्हणाली, ‘आता येतेय,’
आणि फुगा खालीच गेला, सरळ, सगळा.
डावीकडे तळाशी केसाएवढं काही दिसलं का?
तीनदा मागे नेऊन पाहिलं.
तिसऱ्यांदा वाटलं, नाही. चौथ्यांदा पाहिलं नाही,
ते बाई बघतील.
या वेळी तिनं कडीचं विचारलं नव्हतं,
हे मला ती गेल्यावर सुचलं.

बाहेर पुढचा नंबर: मिर्झा, वय दोन,
बापाच्या खांद्यावर झोपलेला.
दोन्ही बाजू. बत्तीसला सुटलं.
दोन्हीकडच्या नळ्या वाकड्यातिकड्या,
वर कळ्यांचा आकारच मोडलेला.
मी कोपऱ्यात ३२ लिहिलं,
आणि उगाच विचारलं, दारं लागतात ना घरची नीट?
बाप म्हणाला, ‘लागतात की. का?’